ताईची दवाखान्याची थैली

वकिली सांभाळून मी वैद्यकीय कायद्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतला, तेव्हा पेडगावात सगळ्यांत जास्त मिरवलं ते माझ्या ताईनं. नवरा वारल्यापासून ती आईजवळच राहायची. "आता डागदर बी भितेत आमच्या वकिलाला," म्हणायची. कोणी भ्यालं नाही. पोट दुखतं म्हणून ती तालुक्याला एका खासगी दवाखान्यात गेली. त्यांनी गर्भपिशवी काढली आणि तिसऱ्या दिवशी ताई गेली. मला आधी कळवलंसुद्धा नाही. का, तर माझी परीक्षा!

राख सावडून मी परभणीला खोलीवर आलो. दहाव्यालाच पेपर होता. सकाळी आईचा गंगाखेडहून, नदीवरून फोन.

"तिची दवाखान्याची थैली आणलीया. गोळ्या, फोटो, समदे कागद. मेलेल्याचं दुखणं घरात ठिवू न्हाई म्हणतेत. सोडू का गंगंत?"

समोर पुस्तक उघडं होतं. प्रकरण कोणतं, तर वैद्यकीय नोंदी आणि पुरावा. मी खेकसलो, "तुला काय करायचं ते कर. मला वाचू दे."

पेपरात तोच प्रश्न आला. 'रुग्णाजवळील मूळ कागद नातेवाइकांनी जपून ठेवावेत' असं लिहिलं आणि माझा हात थांबला. त्या थैलीत ताईची पहिली सोनोग्राफी होती. गर्भपिशवी निरोगी असल्याचं मी स्वतः त्यात वाचलं होतं, राख सावडायला गेलो तेव्हा. बाहेर येऊन फोन लावला. थैली केव्हाच गेली होती.

नियमानं दवाखान्यानं तीन दिवसांत कागद द्यायचे. मला तीन महिने खेटे घालावे लागले. मिळाले ते एकाच पेनानं, एकाच हातानं लिहिलेले, आणि त्यात गर्भपिशवीला भलीमोठी गाठ दाखवलेली. पहिली सोनोग्राफी करणाऱ्यानं तर दुकान गुंडाळलं होतं. मी हताश झालो. अजूनही आहे. त्या विषयात मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले, त्याची लाज वाटते.

तक्रारीची दोन वर्षांची मुदत आता संपत आलीय. "केस कवा लावणार?" आई विचारायची. "पुरावा गोळा करायलोय," मी म्हणायचो. काय वाहून गेलं ते तिला सांगायची छाती झाली नाही. हल्ली ती विचारत नाही.

मागच्या महिन्यात तिला ताप आला. डॉक्टरची चिठ्ठी तिनं नीट घडी करून ट्रंकेत ठेवली. मी बघतोय हे तिला दिसलं.

"असू दे," ती म्हणाली. "म्या मेल्यावर तुला लागंल."