निल्लूअप्पांचा ब्रेक

ब्रेक दाबून न बघता सायकलचं कौतुक करणाऱ्याला आमचे अप्पा माणसात धरत नसत. नवी पेठेत त्यांचं चादरी-टॉवेलचं दुकान होतं. गल्ल्यावर बसलेले असले तरी लक्ष सगळं रस्त्यावर. कुणी चपला घासत सायकल थांबवताना दिसला की आतूनच गर्जना व्हायची, "ए, निल्लू!" निल्लू म्हणजे थांब. घराणं सीमेवरच्या मैंदर्गीचं, त्यामुळे राग आला की तोंडात कानडीच यायची. मग पायऱ्या उतरून त्याचे दोन्ही ब्रेक दाबायचे आणि त्याच्यासकट त्याच्या बापाचा उद्धार करायचे. सगळी पेठ त्यांना निल्लूअप्पा म्हणायची. मी त्यांची धाकटी पुतणी. घरात त्यांचा तापटपणा एकट्या माझ्याच वाट्याला आलाय.

"पळवायला गाढवालाबी येतंय. थांबता येतंय का बोल!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या लग्नाच्या बोलणीत नवऱ्या मुलाच्या बापालाही त्यांनी हे ऐकवलं होतं. ते स्थळ मोडलं. बरंच झालं म्हणा.

दुकान मुलाकडे, बसूदादाकडे सोपवल्यावर अप्पांनी माउंटन बाईक घ्यायची ठरवली. मला सोबत नेलं. दुकानदार कौतुकानं म्हणाला, "एकवीस गिअर हायत, अप्पा."

"मला एकवीस गावाला जायचं न्हाय. ब्रेक दाखव."

त्यांनी ब्रेक करकचून दाबला. रिमला धरणारे ब्रेकचे दोन्ही हात चक्क वाकले. "हे काय पापड लावलाय व्हय?" दुकानदारानं घाईघाईनं डिस्कब्रेकची सायकल पुढे केली. अप्पा भडकले. "स्वस्तातली डिस्क माझ्या गळ्यात मारू नको! रिमचाच दे, पण चांगल्यातला दे. रबर झिजलं तर डोळ्याला दिसतंय, घरी बदलता येतंय." मग जाड ॲल्युमिनियमचे हात असलेला जोड निघाला. त्याचं रबर अप्पांनी चादरीचा पोत बघावा तसं चिमटीत धरून दाबलं, नख रोवून बघितलं. दोन्ही बाजू एकदम टेकतात का, सोडल्यावर एकदम सुटतात का, हे चाक फिरवून फिरवून तपासलं. एक रबर जरासं तिरकं टेकत होतं, तेवढ्यावरून पुन्हा सगळं खोलायला लावलं. मी उपाशी, उन्हात उभी, डोकं नुसतं तापलेलं. पण त्या ब्रेकनं सायकल जागच्या जागी थांबायची, हे कबूल करायला हवं.

रोज सकाळी कोरड्या फडक्यानं रिम पुसायची, सायकल दोन पावलं ढकलून ब्रेक दाबायचे आणि मगच टांग मारायची. "तेल साखळीला. रिमला थेंबबी न्हाय लागला पायजे," हे आम्ही जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर ऐकलंय. बसूदादानंही ऐकलंय. ऐकलंय म्हणजे, मोबाइलमधून मान वर न काढता हुंकार दिलाय.

आणि तरीही खंडेनवमीला त्यानं तेच केलं! दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे दुकानातल्या कात्रीपासून गाडीपर्यंत सगळ्याची पूजा होते. दादानं बापाची सायकल धुतली, विभूती लावली, झेंडूची माळ घातली आणि चमकावी म्हणून खोबरेल तेल चोळलं. दांड्याला, हँडलला आणि रिमलाही.

दसऱ्याला अप्पा बहिणीकडे सोनं द्यायला निघाले. सवयीनं हात ब्रेककडे गेला, तर दादा म्हणाला, "आज तरी नका तपासू. कालच पूजा झालीय. देवावर एवढा तरी विश्वास ठेवा की!" सगळ्या पेठेला न जुमानणारा माणूस लेकापुढे हसला आणि रिम न पुसता, ब्रेक न तपासता निघाला. पुलाच्या उतारावर पुढून रिक्षा वळली. अप्पांनी दोन्ही ब्रेक दाबले. रबरं टेकली, पण चाक फिरतच राहिलं. खुब्याचं हाड मोडलं.

सायकल आणायला मीच गेले होते. रिमवर बोट फिरवलं तर बोट तेलकट. तशीच दवाखान्यात गेले आणि म्हटलं, "आता दादाला सोडत नाही मी!" अप्पांनी माझं मनगट धरलं. "सुम्मनिरु. गप ऱ्हा. पोरानं मायेनं लावलंय. बापाला पाडलं म्हणून जन्मभर कुढंल. माझी शप्पथ हाय तुला." मी शपथ घेतली. अप्पा अंथरुणातून उठलेच नाहीत. उन्हाळ्याआधी गेले.

मयताला आलेला जो तो एकच म्हणत होता, "या वयात सायकल कशाला चालवायची?" दादाही तेच म्हणाला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण जीभ आवरून बसले. आणि अप्पा, तुमचाही राग येतो मला. परक्या पोरांवर डाफरायचात, त्यांच्या बापाचा उद्धार करायचात. स्वतःच्या पोरापाशीच कसं तोंड शिवलंत?

यंदा खंडेनवमीला दादाच्या लेकीची, गौरीची नवी सायकल अंगणात उभी होती. दादा तेलाची वाटी घेऊन बसला होता. "अप्पांची कशी चमकवली होती, तशीच चमकवतो," म्हणाला आणि बोटं बुडवून हात रिमकडे नेला.

"ए, निल्लू!"

मी ओरडले. अंगणातले सगळे दचकले. दादाचा हात तसाच राहिला. मी म्हटलं, "रिमला तेल लावत नाहीत, दादा. ब्रेक धरत नाही." त्यानं आधी तेलकट बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा उतरत गेला. त्यानं विचारलं, "अप्पांना कळलं होतं?"

"त्यांनीच मला गप्प बसवलं," मी म्हटलं.

दादा तिथंच मातीत बसून हमसून हमसून रडला. मी त्याला जवळ घेतलं नाही, अजून राग गेलेला नाही. पण नंतर त्यानं हात साबणानं धुतले, कोरडं फडकं आणलं, रिम पुसली, सायकल दोन पावलं ढकलून ब्रेक दाबले आणि मगच गौरीला बसू दिलं.

शपथ मोडली, अप्पा. रागवायचं असेल तर या, आणि समोर उभं राहून रागवा.