चामड्यावरचं चौथं नाव

कुंतीच्या तोंडाला लागू नये, हे रोझ बेलजवळच्या त्या ऊसमळ्यावर नव्याने आलेल्या माणसालाही दोन दिवसांत कळायचं. उंच, हाडकुळी, कपाळावर कायम आठी. शेजारणीचं पोर रडलं तरी हिचा आवाज त्याच्या वर. नवरा तुलसीराम तितकाच शांत, आणि त्याची ती शांती कुंतीला भांडणाहून जास्त झोंबायची.

दोघं राजापूरकडची. सन अठराशे एकोणपन्नासात मुंबईहून जहाजात बसून मोरसला, म्हणजे मॉरिशसला, आली. मळ्यावरच्या मजूरवस्तीतल्या, म्हणजे कॅम्पातल्या, माणसांनी बरोबर काय काय आणलं होतं? कुणी पितळेचा गडू, कुणी देवीचा टाक. तुलसीरामने आणलं होतं एक पुस्तक. हातानं लिहिलेली सुट्या पानांची पोथी नव्हे, मुंबईत छापखाने नवे नवे होते तेव्हा छापलेलं, साहेबाच्या दप्तरासारखं शिवलेलं आणि मऊ तांबड्या बकऱ्याच्या चामड्यात बांधलेलं पुस्तक. आत गुरूशिष्यांचे प्रश्न आणि उत्तरं. जीव कोण, ईश्वर कोण, देह पडल्यावर उरतं काय. ऊस तोडून पाठ मोडलेल्या माणसांना यातलं कितीसं कळत होतं देव जाणे, पण एकादशीला तुलसीराम ते पाटावर ठेवून वाचायला बसला की सगळा कॅम्प चिडीचूप असायचा.

पुस्तकाच्या चामडी पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला, काजळाच्या शाईत, मालकांची नावं होती. पहिलं राघोशास्त्र्याचं. छापताना चुका तपासायचं काम त्याच्याकडे होतं, आणि शाईत चरबी नाही, तूपच घातलंय, याची खात्री झाल्याशिवाय त्याने छापल्या कागदाला बोट लावलं नव्हतं म्हणे. दुसरं त्याचा शिष्य सदोबा पंतोजी, राजापूरचा. पंतोजीच्या गोठ्यात शेण काढणारा कुणब्याचा पोरगा ओटीखाली उभा राहून अक्षरं शिकला, तो तुलसीराम. पंतोजीला मूलबाळ नव्हतं. त्याने मरायच्या आधी पोराला बोलावलं आणि त्याच्या देखत तिसरं नाव घातलं. रीतच तशी होती: ज्याचं पुस्तक त्याने जिवंतपणी पुढच्याचं नाव आपल्या हाताने लिहायचं, एकदाच. ‘राघोशास्त्री, याचे मागून सदोबा, याचे मागून तुलसीराम.’ असली ही वंशावळ, ना रक्ताची ना जातीची.

आता जयराम. तो यांचा जहाजभाऊ, म्हणजे एकाच जहाजातून आलेला, आणि पुढे साहेबाच्या मागेपुढे करून मळ्यावर सरदार झालेला. हाताखाली साठ माणसं, हातात वेताची काठी. एरवी तो तुलसीरामला उभंआडवं घ्यायचा आणि एकादशीला त्याच तुलसीरामच्या पायाशी चटईवर बसायचा. हे त्याला सहन होत नव्हतं. आपल्यालाही वाचता येतं असं तो सांगत फिरे. पहिली दोन पानं ऐकून ऐकून पाठ होती, तेवढ्या भांडवलावर.

त्रेपन्न सालच्या गणपतीत त्याने डाव साधला. मखरापाशी पुस्तक ठेवलेलं, बायका आरतीला जमलेल्या, आणि हा मोठ्यानं म्हणाला, “वैनी, देवाच्या मांडीला चामडं लावून ठेवलंस गो? मेल्या ढोराचं कातडं पुजतां काय तुम्ही?”

बायका हसल्या. कुंतीची कानशिलं तापली. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत ती भटणींच्या वर होती, आणि चारचौघींत कुणी तिला उणं बोललेलं तिने आयुष्यात गिळलं नव्हतं. तुलसीराम पाणी आणायला गेला होता. त्याची वाट बघण्याइतका दम असता तर ती कुंती कसली? तिने कोयत्याच्या टोकाने पुस्तकाची शिवण उसवली, तांबडा पुठ्ठा ओढून काढला, तबेल्यामागच्या उकिरड्यावर भिरकावला, पुस्तकावर गोमूत्र शिंपडलं आणि ते नव्या फडक्यात बांधून मखरात ठेवलं. वर जयरामला ऐकवलं, “झालं मन शांत?”

तुलसीराम परत आला तेव्हा काय झालं ते त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. तो उकिरड्यावर गेला, हाताने शेण उपसत बसला. चामडं मिळालं नाही. रात्री जेवायच्या वेळी तो एवढंच म्हणाला, “त्यावर चौथं नाव मी घातलं होतं. तुझं.”

“माझं?” कुंती उसळली. “मला येक अक्षर येत नाय नि माझं नाव घातलंस? खोटारड्या! मला जाळायला बोलतोस.”

तो तीन महिने बोलला नाही. मग एका संध्याकाळी चुलीतली राख जमिनीवर पसरून म्हणाला, “बस हितं. काय फाडलंस ते तरी कळूं दे तुला.” प्रेमाने शिकवलं म्हणाल तर चूक होईल. रागाने शिकवलं, आणि ती त्याहून मोठ्या रागाने शिकली. चुकली की तो राख पुसायचा, ती शिव्या द्यायची, पुन्हा काढायची. दोन वर्षांत ती पुस्तक वाचू लागली, त्याच्याहून भरभर. कितीदा तरी तिने म्हटलं, “येवढं खरं असलं तर घाल नाव परत. कागदावर घाल.” तो मान हलवायचा. “ते येकदाच लिवायचं असतं.” मग ती खोटारड्या म्हणायची आणि पाठ फिरवून निजायची. नऊ वर्षं हाच संसार.

बासष्टच्या पटकीत तुलसीराम दीड दिवसात गेला. तेराव्याचं उरकतं न उरकतं तोच जयराम दारात उभा.

“वैनी, पुस्तक दे. तुलसीनं जाताना माझ्या हवाली केलंन ते.”

“त्याला पाणी मागायला आवाज नव्हता, भावोजी. तुमच्याशी पुराण बोलत बसलावता व्हय?”

“बाईमाणसानं, त्यात रांडव बाईनं, पोथी ठेवायची नसते.”

“मग न्या उचलून. हात लावून बघाच.” तिच्या हातात कोयता होता. जयराम गेला, पण पंचांकडे गेला.

रविवारी दुपारी चिंचेखाली पाच म्हातारे बसले. मधे राधाकृष्ण, कॅम्पातला सगळ्यांत वडील, नजर अधू झालेला पण कान तिखट. सगळा कॅम्प गोळा झाला होता, कारण कुंतीची फजिती बघायची संधी रोज येत नाही. तिच्या बाजूने उभं राहील असं एक माणूस त्या गर्दीत नव्हतं, आणि तसं का, हे तिलाही माहीत होतं. घर, भांडी, बकरी, काय हवं ते न्या म्हणाली असती. पण त्या पुस्तकाशिवाय तिच्यापाशी तुलसीरामचं काही उरलं नव्हतं. राखेत काढलेली अक्षरं कुठे जपून ठेवणार?

“जयराम सांगतो ते त्याचं झालं,” राधाकृष्ण म्हणाला. “तुझ्यापाशी काय हाय, पोरी?”

“मालकांची नावं लिवलेली असत, बाबा. पुठ्ठ्याच्या आत. पयल्यापासनं.”

“दाव की मग.”

कुंतीने ओठ चावला. “पुठ्ठा मी फाडला. टाकून दिला.”

जो हशा उठला तो तबेल्यापर्यंत ऐकू गेला असेल. आपल्याच हाताने आपलाच पुरावा उकिरड्यावर टाकणारी बाई! जयराम तर इतका खूश झाला की त्याने मांडी घातली, कमरेचा तंबाखूचा बटवा सोडला, चिमूट शोधली, मिळेना, म्हणून त्याच्या जुन्या सवयीप्रमाणे बटवा उलटा करून तळहातावर झटकला.

तांबडा बटवा. गेली नऊ वर्षं त्याच्या कमरेला. बाहेरून तो कुंतीने हजारदा पाहिला होता, तेलाने आणि घामाने काळवंडलेला. आतून कधी पाहिला नव्हता. आतल्या अंगाला अक्षरं होती.

ती उठली. कुणाला कळायच्या आत तिने तो त्याच्या हातातून हिसकावला होता.

“हे कुठनं आणलंत, भावोजी?”

“माझा बटवा तो! माहेबूरच्या मोच्याकडनं शिवून घेतलेला.”

“शिवलान मोच्यानं. चामडं कुणाचं?”

जयरामने इकडेतिकडे पाहिलं. “गावलं व्हतं. उकिरड्यावर टाकलेलं कुणी घेऊं नये काय?”

“घ्यावं की. आतनं काय लिवलंय तेवढं वाचून दावा. तुम्हाला येतं ना वाचाया?”

अडचणीत सापडला की जयरामला तिथली क्रेओल बोली आठवायची. “मो पा कोने,” तो पुटपुटला, म्हणजे आपल्याला काही ठाऊक नाही. “मोच्यानं मारल्यान काय तरी रेघोट्या.”

नऊ वर्षं माणूस तंबाखू खायला ज्या अक्षरांत बोटं घालत होता त्यांना तो रेघोट्या म्हणत होता! गर्दीतून आता वेगळा हशा आला. पण राधाकृष्ण हसला नाही. “रेघोट्या नसतील,” तो म्हणाला, “पण ते ह्याच पुस्तकाचं चामडं कशावरनं?”

कुंतीने पुस्तक फडक्यातून काढलं, बटव्याचं झाकण त्याच्या पाठीवर धरलं आणि म्हाताऱ्याची बोटं तिथे नेली. झाकणावर चार भोकं होती, एका ओळीत, बटव्याला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. पुस्तकाच्या शिवणीचीही चार. म्हाताऱ्याने जन्मभर गोणपाटं शिवली होती. त्याने भोकावर भोक चाचपलं, पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, आणि मान डोलावली.

“वाच,” तो म्हणाला.

तिने बटवा ऊन लागेल असा धरला. तंबाखूने चामडं काळं पडलं होतं, पण काजळ टिकून होतं. “राघोशास्त्री,” तिने वाचलं. “याचे मागून सदोबा. याचे मागून तुलसीराम.” तिने बटवा डोळ्यांजवळ नेला, कारण खाली, त्याच वळणाचं, राखेत रोज पाहिलेलं अक्षर होतं. ‘याचे मागून.’ आणि तिथे चामडं संपलं होतं. मोच्याने कड सरळ करायला कातर चालवली होती ती नेमकी त्या शब्दांच्या पुढून.

म्हणजे त्याने लिहिलं होतं. पुढे कुणाचं तरी नाव त्याने घातलंच होतं. कुणाचं? पोरबाळ नाही, शिष्य नाही. आणि तरीही, काय सांगावं? पंचांत वाचता येणारा एकही नव्हता. कॅम्पात आता तिच्याशिवाय कुणीच नव्हता.

“पुढं?” राधाकृष्णने विचारलं.

“याचे मागून कुंती,” ती म्हणाली.

“परत वाच.”

“याचे मागून कुंती.” दुसऱ्यांदा तर आणखी स्वच्छ.

पुस्तक तिला मिळालं. बटवाही मिळाला. जयराम तो परत मागत होता तेव्हा राधाकृष्णने त्याला विचारलं, “देवापाशी चामडं नको म्हणालावतास ना? मग पोटापाशी कशाला?” जयरामने तिला पुढे कधी माफ केलं नाही. वर्षभर तो तिला सगळ्यांत दगडाळ सरी देत राहिला, आणि ती रोज त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती संपवत राहिली.

त्या रविवारी घरी येऊन तिने बटव्याची शिवण टाका टाका करून उसवली. दुमडीत काही राहिलं असेल म्हणून. काही नव्हतं. कोरी, कापलेली कड. ती चुलीपुढे बसली आणि, “खोटारड्या,” असं म्हणून जी रडली ती शेजारणींनी पहिल्यांदाच ऐकली. पटकीतही ती रडली नव्हती. तुलसीरामला तिने नऊ वर्षं हीच शिवी दिली होती, आणि आज त्याच चौथ्या नावासाठी पाच पंचांपुढे ती स्वतः खोटं बोलली होती. की खरं? घरात काजळ होतं, काडी होती, तिला नाव लिहिता येत होतं, आणि कडेच्या आत जेमतेम जागाही होती. तिने लिहिलं नाही. ते त्याने लिहायचं असतं.

पुढे एकादशीला कुंतीच वाचायला बसायची, आणि सरदार असला तरी जयरामला समोर चटईवर बसावं लागायचं, कमरेला गोणपाटाची पिशवी बांधून. वाचन संपलं की नव्याने आलेलं कुणीतरी मालकांची नावं बघायला मागे. ती चामडं उघडायची, कापलेल्या कडेवर अंगठा घट्ट ठेवायची आणि चारही नावं वाचून दाखवायची.