गीत : पारंपरिक

खोटं कशाला बोलू, गाण्याच्या नोंदीचं ते कार्ड मीच लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात, शाईच्या पेनानं. वर गाण्याची पहिली ओळ, खाली केंदूर, तालुका शिरूर, आणि रचनाकाराच्या रकान्यात एकच शब्द : पारंपरिक. गाणं माझ्या सख्ख्या आत्यानं रचलेलं होतं आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

बहात्तरच्या दुष्काळात आत्या पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच राहत होती. मी तेव्हा पुण्यात एम. ए. करत होते आणि एका प्राध्यापकांच्या हाताखाली काम करत होते. सर दुष्काळी कामावरच्या बायकांची गाणी जमवत होते. त्यावर त्यांना पुस्तक लिहायचं होतं आणि एक माहितीपट काढायचा होता. गाणी आणून द्यायची मी. सरांसमोर बायका पदर तोंडात धरून गप्प बसायच्या, माझ्यासमोर घडाघडा बोलायच्या. त्यांच्यातलीच होते ना मी! निदान त्यांना तसं वाटायचं.

आत्याचं गाणं सगळ्यात फर्मास. खडी फोडून फोडून हाताच्या रेषा पुसल्या, बरं झालं बाई, आता नशिबाच्या थापा ऐकायला नकोत, असं ती त्यात म्हणायची आणि कामावरच्या बायका हातोड्या थांबवून हसायच्या. तीन कडवी अशी झाली की चौथ्यात ती गावाचं आणि स्वतःचं नाव गुंफायची. माझे आजोबा जलशात गायचे, त्यांच्याकडून आलेली ही रीत. गाणं कुणीही म्हणो, शेवटी नाव रचणाऱ्याचंच घ्यायचं.

एकदा पाबळच्या एका बाईनं आत्याचं गाणं स्वतःचं नाव घालून म्हटलं. आत्याला कुणीतरी सांगितलं. भर उन्हात चालत ती पाबळला गेली, मी तिच्या मागोमाग. त्या बाईच्या दारात उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, "गानं घे, म्हन, लेकीबाळींना शिकव. पर माझं नाव काढू नगंस. शेत न्हाई मला, घर भावाच्या नावावर. माझ्या नावावर ह्ये एवढंच हाय." त्या बाईनं मान खाली घातली. पुढं ती आत्याच्या नावानंच म्हणायला लागली.

सरांचं म्हणणं निराळं होतं. लोकगीताला कर्ता नसतो, समूह हाच कर्ता, शेवटी येणारं नाव हा नुसता संकेत, गाणारी बदलली की नाव बदलतं. सगळं पुस्तक त्यांनी या एका म्हणण्यावर उभं केलं होतं. पाबळची गोष्ट मी त्यांना सांगायला हवी होती. पण पुढच्या वर्षी संशोधन साहाय्यकाची एक जागा निघणार होती आणि ती मला हवी होती. ती गोष्ट मी सांगितलीच नाही. सरांनी विचारलं, "रचनाकार काय लिहिलंस?" मी कार्ड पुढं केलं. ते म्हणाले, "शाब्बास." तेव्हा मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

चित्रीकरणाला आत्यानं चारही कडवी म्हटली. कॅमेरा बंद झाल्यावर तिनं मला बाजूला घेतलं. "माझं नाव यील न्हवं गं त्यात?"

"येईल की," मी म्हणाले.

दोनेक वर्षांनी माहितीपट तयार झाला. जिथं जिथं चित्रीकरण झालं, तिथल्या आसपास तो दाखवायचा असं ठरलं. मी केंदूरला कळवलंच नाही. दौंडला एका शाळेत दुपारचा खेळ होता. खिडक्यांना घोंगड्या बांधून अंधार केला होता, प्रोजेक्टर टेबलावर मांडला होता. आणि दारातून आत्या आत आली. खुटबावला लेकीकडं राहायला आली होती, तिथं तिला कळलं, आणि शेजारपाजारच्या सात-आठ बायका घेऊन पॅसेंजरनं ती थेट दौंडला.

"कळवायचं न्हाईस व्हय?" एवढं बोलून ती मला खेटून बसली. बायकांना सांगत होती, "गानं लागलं की गप बसा. शेवटाला माझं नाव येतंय." मला तिचा दंड धरून बाहेर न्यायचं होतं, सगळं सांगून टाकायचं होतं. मी हलले नाही.

गाणं लागलं. पहिलं कडवं, दुसरं. हाताच्या रेषांवर अख्खी शाळा हसली. आत्या ओठातल्या ओठात म्हणत होती. तिसरं संपलं, तिनं श्वास घेतला, आणि पडद्यावर खडीचा ढीग आला. मग ट्रक. मग निवेदकाचा आवाज. तिचे ओठ तेवढे हलत राहिले. बायका तिच्याकडं बघायला लागल्या, तिनं कुणाकडंच बघितलं नाही.

शेवटी नावं सुरू झाली. आत्याला वाचता येत नव्हतं, बरोबरच्या बायकांनाही नाही. "वाच गं," ती म्हणाली. मी वाचायला लागले. लेखन आणि दिग्दर्शन, सरांचं नाव. छायाचित्रण. संकलन. गीत, पारंपरिक. मग संशोधन साहाय्य, आणि पुढं माझं नाव. ते मी वाचलं नाही.

"झालं?"

"झालं."

"माझं न्हाई, कळलं. आन् तुझं?"

"नाही," मी म्हणाले.

आत्या ताडकन उठली. लाइट लागले तशी ती सरळ सरांसमोर जाऊन उभी राहिली. मी मागून "आत्या, राहू दे, आत्या" करत होते. सगळी शाळा ऐकत होती. "सर, माझं ऱ्हाऊ द्या. मी अडानी बाई. पर ही पोरगी तुमच्यासाठी उन्हातान्हात गावोगाव हिंडली. तिचं नाव का वो न्हाई घातलं?"

सर गोंधळले. मग हसले. "अहो बाई, आहे की तिचं नाव." आणि त्यांनी प्रोजेक्टरवाल्याला रीळ थोडं मागं घ्यायला लावलं. लाइट पुन्हा गेले. पडद्यावर ती अक्षरं आली आणि सरांनी बोट दाखवून माझं नाव मोठ्यानं वाचलं. कौतुकानं पुढं म्हणाले, "गाण्यांची माहितीसुद्धा सगळी हिनंच लिहून दिली. फार चोख काम."

आत्या पडद्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली.

"माझ्या गान्याचं बी तूच लिवलंस?"

"व्हय, आत्या."

ती चिडली असती, चारचौघांत थोबाडीत दिली असती तर मी सोसलं असतं. तिनं बायकांना गोळा केलं, गाडी चुकंल म्हणाली, आणि स्टेशनची वाट धरली.

ती जागा मला आधीच मिळाली होती. पुढं त्याच विषयावर माझं पुस्तकही आलं. आत्यानं बोलणं कधी तोडलं नाही. गावी गेले की जवळ बसवून नवी गाणी सांगायची, मी उतरून घ्यायची. गल्लीतल्या पोरींनाही ती तीच गाणी शिकवायची. त्या पोरी चार कडवी म्हणायच्या. मला मात्र तिनं मरेपर्यंत प्रत्येक गाण्याची तीनच कडवी सांगितली.