बांधावर पुसलेली अक्षरं

सांगलीहून ज्ञानू कांबळे गेल्याचं कार्ड आलं, तेव्हा मी पलूसच्या शाळेत इंग्रजीचा तास घेत होतो. असं कार्ड वाचून फाडायचं असतं. मी ते खिशात ठेवलं... अजून तिथंच आहे.

ज्ञानू आमच्या कुंडलचा. पलटणीतून इंग्रजी शिकून आलेला. त्याच्या घरानं बुद्धाचा धर्म घेतला होता, पण गावाच्या लेखी वस्ती तीच होती. त्याला घरात बोलवायची माझी छाती नव्हती. तीन वर्षं त्यानं मला आमच्या उसाच्या बांधावर शिकवलं. तो काटकीनं मातीत अक्षरं काढी. उठताना, कुणाला दिसू नयेत म्हणून, मी ती पायानं पुसत असे. तो नुसता बघे. मला मास्तर व्हायचं होतं, म्हणून तो तेव्हापासूनच मला मास्तर म्हणे. एकदा म्हणाला, "जोरात पुसा, मास्तर. ढेकळं बोलत्यात."

एकदा त्याच्या शब्दकोशात 'सेल्फ-टॉट' हा शब्द निघाला. स्वतःच स्वतः शिकलेला. ज्ञानूनं 'टीच'चं मूळ वाचलं: पूर्वी त्याचा अर्थ दाखवणं असा होता. म्हणाला, "आपली आपल्याला वाट कशी दिसंल? दाखवणारा असतोयच की. त्याचं नाव तेवढं ऱ्हात न्हाई." मी हसलो.

मी परीक्षा पास झालो, मास्तर झालो. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी शाळेत आणखी एक जागा निघाली. ज्ञानूनं अर्ज केला. मुलाखतीला साताऱ्याहून आलेल्या संस्थेच्या साहेबांनी त्याच्यासमोरच मला विचारलं, "हे म्हणतात, तुम्हाला यांनी शिकवलं. खरं का?" शेजारी आमच्या भावकीतली चार माणसं बसली होती.

मी म्हणालो, "नाही. मी सेल्फ-टॉट आहे."

साहेबांनी तो अर्ज बाजूला ठेवला. ज्ञानूनं टोपी उचलली. दारात माझ्याजवळ थांबून हळू म्हणाला, "उच्चार बराबर आला, मास्तर."

मग तो सांगलीला हळदीच्या वखारीत पोती उचलायला गेला. ती धूळ छातीत बसली. खोकला वाढल्याचं माझ्या कानावर आलं होतं. एकदा त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. आतून खोकल्याचा आवाज आला... आणि परत फिरलो.

गेल्या आठवड्यात त्याची बायको शब्दकोश घेऊन आली. "मास्तरांस्नी द्या म्हणालं हुतं. लय वापरलाय, पण पानं समदी हायती." बसा म्हणालो, तर ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

शब्दकोश टेबलावर आहे. पानांच्या कडांना हळदीची पिवळी बोटं उमटली आहेत. मी तो उघडलेला नाही. कुठल्या पानावर उघडेल, याची भीती वाटते. हे लिहिताना टेबलाखाली माझा पाय सारखा हलतो आहे. खाली फरशी आहे. तिथं पुसण्यासारखं काही नाही.