जाकिटातली मोहरी

दक्षिणेकडच्या त्या बेटावर माणूस राहत नाही. झाडही नाही, फक्त वारा, शेवाळ आणि पेंग्विन. योकोहामातल्या आमच्या प्रयोगशाळेला मोहिमेच्या जहाजावर दोन जागा मिळाल्या, त्यांतली एक माझी. डोंगरामागच्या उतारावरचे शेवाळ हाती आले की माझा प्रबंध पूर्ण होणार होता.

अशा बेटावर बाहेरचे एकही बी जाता कामा नये. म्हणून उतरण्यापूर्वी जहाजावर प्रत्येकाचे बूट घासतात, खिसे उलटे करतात, शिवणी तपासतात. माझे सामान मी योकोहामातच स्वच्छ केले होते. त्यानंतर निरोप घ्यायला तासाभरावरच्या फुनाबोरीला आईकडे गेले आणि जाकीट तिच्या दाराशी टांगले. एवढे पुरेसे होते.

तपासणीत जाकिटाच्या अस्तरातून पुरचुंडी निघाली. फडके फाटून मीठ-मोहरी हातमोज्यांत, तिथून साऱ्या सामानात पसरली होती. २०११च्या भूकंपापासून आई घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यांत दृष्टीची पुरचुंडी शिवते. माझ्या कपड्यांना हात लावणार नाही, असे तिने मला वचन दिले होते.

“दुसऱ्या कोणाचे कपडे घालून जाते,” मी मोहीमप्रमुखांना म्हणाले.

ते किंचित वाकले. “संशय असेल तर उतरायचे नाही.”

नियम योग्य होता. त्यांच्या जागी मीही तेच केले असते. म्हणूनच संताप गिळवेना. कठड्याशी उभी राहून मी बोट बेटाकडे जाताना पाहिली. सहकाऱ्याने माझ्यासाठी शेवाळ आणले, दोन्ही हातांनी, अदबीने दिले. ते किनाऱ्यावरचे होते, पेंग्विनच्या विष्ठेने माखलेले. माझ्या कामासाठी निरुपयोगी.

फुनाबोरीला परतल्यावर मी जाकीट आईसमोर टाकले. “तिथे माणूसच नाही, आई! नजर लागणार होती कोणाची?”

“अगं, म्हणूनच तर! ओसाड जागेत काय काय असतं. आणि आलीस ना सुखरूप?”

“माझं वर्ष गेलं. पुन्हा अर्ज, पुन्हा निवड. मिळेलच असं नाही.”

ती जाकीट उचलून घडी घालू लागली.

“बरं बाई, चुकलं माझं. पुढच्या वेळी मोहरी नाही,” ती म्हणाली. “नुसतं मीठ घालीन. ते काही उगवत नाही.”

यावर वैज्ञानिक हरकत घ्यावी असे माझ्याकडे काहीही नव्हते, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त राग आला.