वन्संची तिरपी अक्षरं

थोरल्या वन्सं, म्हणजे माझ्या नणंदबाई, शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायच्या आणि एका साप्ताहिकात विणकामाचे नमुने लिहायच्या. लिहायच्या कसल्या, सांगायच्या. हातात सुया, तोंडाचा पट्टा सुरू, आणि समोर साप्ताहिकातली मुलगी टाइप करत बसलेली. दोन ओळी विणून झाल्या की एक टोमणा ठरलेला. तो तिरप्या अक्षरांत छापायचे. बायका नमुना मागाहून बघायच्या, तिरपं आधी वाचायच्या.

वन्सं गेल्या, साप्ताहिकही बंद पडलं. कात्रणांना वाळवी लागली. उरल्या फक्त कॉम्प्युटरच्या फायली, एक्सएमएल म्हणतात त्यांना. नातीनं त्या मागून आणल्या. म्हणाली, आत्याआजीचं पुस्तक करून देते. मला आपलं एवढंच हवं होतं, की वन्संचा आवाज पुन्हा एकदा घरात यावा.

फाईल बघितली तर मजकूर मूठभर आणि कंसच कंस. नात म्हणाली, हे कंस म्हणजे डबे समज. इथे उघडला, इथे झाकण लावलं. आतलं काढायला तिनं जावास्क्रिप्टची लायब्ररी घेतली. ती पुस्तकांची नसते, कुणीतरी आधीच करून ठेवलेलं तयार काम असतं. माझी शाळा चौथीतच सुटली, पण डबे मला कळतात.

छापलेले कागद हातात आले. ओळी बरोबर, टाके बरोबर. तरी वाचताना घशाखाली उतरेना.

"ह्या वन्सं नाहीत गं," मी म्हटलं. "एवढ्या गप्प त्या झोपेतही नव्हत्या."

नात आधी हसली, मग फाईल पुन्हा बघायला लागली. तिरपी अक्षरं मोठ्या डब्यातल्या छोट्या डब्यांत होती. तिनं मोठ्या डब्यात सुटं पडलेलं तेवढंच मागितलं होतं, डब्या तशाच बंद राहिल्या. मग तिनं सांगणं बदललं: आत जे असेल ते, डबीतलंसुद्धा, जागच्या जागी सगळं दे.

आणि मोठ्यानं वाचायला लागली. "टाके घट्ट आवळू नका. लोकर आहे ती, पळून जाणारा नवरा नाही. पुढची ओळ उलट. बाही मात्र मोजून घ्या. आमच्या भावजयीनं न मोजता विणली, भाऊ अजून त्यात स्वतःचा हात शोधतोय."

घ्या. गेल्या, तरी मला सोडलं नाही. मी पदरानं डोळे पुसले आणि नातीला म्हटलं, बाहीचं पान पुस्तकात पहिलं घाल.