अमावस्येची मोटर

बायको गेली आणि तिचं एक म्हणणं घरात राहून गेलं: अमावस्येला हौद भरलाच पाहिजे. माझं म्हणणं, अमावस्येला मोटर बंद. माझ्या बापानं त्या दिवशी कधी बैल जुंपला नाही, मी मोटर लावत नाही. ती म्हणायची, "जुंपला नाई म्हणून त्याले तहान लागत नाई का?" मग मी पारावर जाऊन बसायचो. परत येईस्तोवर हौद भरलेला आणि मोटर बंद. मी विचारायचो नाही, ती सांगायची नाही. चाळीसेक वर्षं असंच निभलं.

पोरगी पुण्याच्या कंपनीसाठी घरूनच काम करते. विहिरीची मोटर मोबाईलवर आपोआप चालावी, असं सॉफ्टवेअर. मोटरनं कधी काय करायचं, हे ती आधी शेतकऱ्यांना विचारून घेते. आई खाटेवर होती तेव्हा तिलाही विचारलं, मलाही. दोघांचं म्हणणं तसंच आत गेलं.

आई गेल्यावर तिच्या साहेबानं ही दोन उलटसुलट म्हणणी पकडली. फोन मोठ्यानं चालू होता. "एक काढून टाका. जे हयात आहेत त्यांचं ठेवा."

मी दारात होतो. अजूनही दारात अंग चोरून उभा राहतो, बायकोला जायला वाट राहावी म्हणून.

"काढू नको," मी म्हणालो.

"बाबा, हो आणि नाई एकदम आले की साधा हिशेब येडा होते. मंग त्यातून काहीही खरं ठरते. अमावस्येच्या भांडणापायी रोजचं ओलीत बिघडन."

"मंग?"

"मंग चार उत्तरं ठेवायची. हो. नाई. कोणी सांगतलंच नाई. आणि दोघांनी दोन सांगतलं. हे चौथं आलं की मोटरनं आपल्या मनानं काही करायचं नाई, माणसाले विचारायचं. बाकीचं काम चालू."

"म्हणजे आमचं भांडण आमच्यातच."

"हाव. पण साहेब म्हणते, आई आता म्हणणं बदलायले येणार नाई."

"जिती होती तवा तरी कुठं बदललं!"

पोरगी हसली आणि तोंड फिरवून बसली.

शेवटी साहेबानं एक अमावस्या दिली. आपल्याच विहिरीवर चालवून पाहा. घोटाळा झाला तर आईचं म्हणणं काढायचं.

त्या सकाळी मी गोठ्यापाशी मोबाईल धरून बसलो. वांग्यांचं ठिबक बंदच राहिलं; त्यात आमचं दोघांचं एकमत होतं. मग मोबाईलच्या पाटीवर आलं: हौद भरायचा? दोन म्हणणी आहेत.

मी दाबेना. 'नाही' दाबलं तर ती गप होणार, 'हो' दाबलं तर मी. बैलानं कोरडा हौद चाटला. मागून तिच्याच बांगड्या वाजल्या.

"थांब ना वं जरा," मी मोठ्यानं म्हणालो.

खिडकीतून पोरीनं पाहिलं. कोणाशी बोलता, असं विचारलं नाही. मी हो दाबलं. पाणी आलं, हौद भरला, मोटर आपली आपण थांबली. काही बिघडलं नाही.

पोरगी बाहेर आली. "राह्यलं बाबा, आईचं राह्यलं." मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही हो म्हणलं. आता तुमचं काढू का?"

"काऊन? पुढच्या अमावस्येले मी बंदच म्हणीन."

"मंग भांडण मिटन कसं?"

"मिटवू नको माय," मी म्हणालो. "मले घरात बोलायले कोण आहे?"